एका प्रोग्रॅमला एका वेळी एकच हात: कुपवाडच्या मशीन शॉपमधला आरसीएसचा अनुभव

किर्लोस्करवाडीपासून मिरज-कुपवाडपर्यंत पंप आणि ओतकामाच्या आधाराने जी छोटी मशीन शॉप्स उभी राहिली, त्यांपैकी कुपवाड औद्योगिक वसाहतीतल्या एका शॉपमध्ये मी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनचे, प्रोग्रॅमिंग पाहते. आमच्याकडे पंपांचे इम्पेलर, व्हॉल्व्हच्या बॉडी आणि साखर कारखान्यांना लागणारे सुटे भाग असा मिश्र माल असतो. प्रत्येक भागाचा प्रोग्रॅम म्हणजे ओ या अक्षराने आणि चार आकड्यांनी ओळखली जाणारी, काहीशे ओळींची साधी मजकूर-फाइल. या फाइलला हात लावणारे मात्र तिघे आहेत: ऑफिसात मी, पहिल्या पाळीचे सेटर (मशीन कामासाठी लावून देणारे) आप्पा आणि दुसऱ्या पाळीचा सेटर. आप्पांनी सकाळी फिनिशिंगचा फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, कमी करून फाइल जपून ठेवावी आणि दुपारी उघडून ठेवलेली जुनी प्रत दुसऱ्या पाळीने रात्री त्याच नावावर जपून टाकावी, असे वारंवार होऊ लागले, तेव्हा पृष्ठभागावर पुन्हा रेघा का येतात याचे उत्तर मशीनमध्ये शोधण्यात वेळ जाई आणि उत्तर फोल्डरमध्ये असे.

आवृत्त्या सांभाळण्यासाठी काही साधन हवे हे सर्वांना मान्य होते. आमच्याकडे नुकताच लागलेला एक अभियंता गिट या आवृत्ती-साधनाच्या बाजूचा होता, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी त्याचे म्हणणे बरोबरच आहे. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट सुरू केले, आणि शेकडो फाइल एकमेकींवर अवलंबून असलेल्या, शेकडो लोकांनी एकाच वेळी चालवलेल्या कामाला ते साजेसे आहे. आमच्या फाइल एकमेकींवर अवलंबून नाहीत. इम्पेलरचा प्रोग्रॅम बदलला म्हणून व्हॉल्व्ह बॉडीच्या प्रोग्रॅमला काही होत नाही, त्यामुळे सर्व फाइलींच्या एकत्रित स्थितीला एक ओळख देण्यापेक्षा प्रत्येक फाइलला स्वतःचा चालता क्रमांक असणे आम्हाला सोयीचे होते. १.७ हा आकडा सेटअप शीटवर पेनाने लिहिता येतो आणि मशीनच्या आवाजात ओरडून सांगताही येतो. गिटची चाळीस अंकाक्षरांची ओळख, अगदी तिची पहिली सातच घेतली तरी, तशी सांगता येत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे होते. आम्हाला दोघांचे बदल नंतर एकत्र करून देणारे साधन नको होते. दोघांना एकाच वेळी बदल करूच न देणारे साधन हवे होते.

असे साधन जुने आहे. बेल लॅब्जमध्ये मार्क रोचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस लिहिले, आणि पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी १९८२ मध्ये आरसीएस (रिव्हिजन कंट्रोल सिस्टीम) आणले. पुढे डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये आरसीएसच्याच आज्ञांवर सीव्हीएस या आवृत्ती-साधनाची सुरुवात केली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ऑफिसातल्या जुन्या संगणकावर लिनक्स होतेच, आणि त्यावर आरसीएस बसवणे हे काही मिनिटांचे काम होते. वेळ गेला तो बसवण्यात नाही, तर ते कोणत्या रीतीने वापरायचे हे ठरवण्यात.

पहिला प्रश्न लॉगिनचा होता. शॉपमध्ये मशीनजवळ ठेवलेल्या संगणकावर सगळे एकाच नावाने बसत, आणि आरसीएसचे लॉक, म्हणजे फाइल सध्या कोणाच्या हाती आहे ही नोंद, तर लॉगिनच्या नावावर पडते. एकाच नावाने दोन माणसे बसली तर लॉक कोणाचे हे साधनाला कळूच शकत नाही. फार तर फाइलची प्रत काढून देणारी सीओ ही आज्ञा एवढेच विचारते की लिहिण्याजोगी एक प्रत इथे आधीच आहे, ती काढून टाकू का, आणि घाईतला माणूस त्याला होकार देऊन मोकळा होतो. म्हणून आधी प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन आणि स्वतःची कामाची डिरेक्टरी दिली, आणि प्रत्येक डिरेक्टरीत आरसीएस नावाचा एक दुवा ठेवला, जो सर्वांसाठी असलेल्या एकाच मूळ डिरेक्टरीकडे नेतो. इतिहास एकाच जागी राहतो आणि ज्याची त्याची कच्ची प्रत त्याच्यापाशी राहते. या मूळ डिरेक्टरीवर तिघांच्या गटाला लिहिण्याची परवानगी द्यावी लागते, कारण आरसीएस जुनी फाइल जागेवर बदलत नाही. नवी तयार करून जुनीच्या जागी ठेवते, आणि त्यासाठी फाइलपेक्षा डिरेक्टरीची परवानगी लागते.

पहिल्यांदा सीआय आज्ञेने फाइल जमा केली की ते त्या फाइलचे वर्णन मागते. तिथे आम्ही भागाचे नाव आणि ड्रॉइंगचा क्रमांक लिहितो. त्यानंतर प्रत्येक वेळी जमा करताना बदलाची नोंद मागितली जाते, आणि ओळीवर एकटा पूर्णविराम टाकला की नोंद संपते. या नोंदींबद्दल मी पहिल्यापासून आग्रही राहिले. ‘बदल केला’ ही नोंद नव्हे. कोणता आकडा किती होता, किती केला आणि का केला, या तीन गोष्टी हव्यात. उदाहरणार्थ, ‘फीड ०.२५ वरून ०.१८, फिनिश येत नव्हते’. आप्पांच्या नोंदी सर्वांत आखूड असतात, पण त्यांतून कधी काही सुटत नाही, कारण तीस वर्षे सेटिंग केलेल्या माणसाला कोणता आकडा मोलाचा आहे हे शिकवावे लागत नाही.

आतली मांडणी एकदा उघडून पाहावी अशी आहे. स्वल्पविराम आणि व्ही अशा शेवटाच्या फाइलमध्ये सर्वांत ताजी आवृत्ती पूर्ण असते, आणि तिच्यावरून मागची कशी मिळवायची याच्या सूचना उलट्या क्रमाने खाली ठेवलेल्या असतात. त्यामुळे रोज लागणारी ताजी प्रत लगेच हाती येते आणि दोन वर्षांपूर्वीची काढताना थोडे अधिक काम पडते, जे योग्यच आहे. त्याच फाइलच्या सुरुवातीच्या काही ओळींत लॉक कोणाचे आणि कोणत्या आवृत्तीवर हे साध्या मजकुरात लिहिलेले असते. लॉक म्हणजे काही गूढ यंत्रणा नाही, ही एक नोंद आहे, हे सर्वांना दाखवण्यासाठी मी ती फाइल साध्या संपादकात उघडून दाखवली होती.

सीओ ही आज्ञा नुसती दिली तर फक्त वाचण्यासाठी प्रत मिळते. तिला -एल जोडले तरच लिहिण्याजोगी प्रत मिळते आणि त्या आवृत्तीवर आपले लॉक बसते. दुसऱ्याने तेच मागितले, तर लॉक कोणाचे आहे ते नावासकट सांगून आज्ञा नकार देते. काम झाले की सीआय -यू ने फाइल जमा होते, लॉक सुटते आणि वाचण्यापुरती प्रत आपल्यापाशी उरते. लगेच पुढचा बदल करायचा असेल तर -यू ऐवजी -एल. या पर्यायांचा घोळ नको म्हणून मी ‘उचल’ आणि ‘जमा’ अशा दोन छोट्या स्क्रिप्ट लिहून दिल्या. आप्पांनी ही पद्धत पहिल्याच दिवशी ओळखली, कारण टूल स्टोअरमधून मायक्रोमीटर नेताना खिळ्यावर आपला पितळी बिल्ला अडकवून जायचा, ही त्यांच्या उमेदवारीपासूनची सवय होती. ‘बिल्ला टांगलेला असला की विचारायचं कुणाला ते कळतं, ताई,’ एवढेच ते म्हणाले. मला वाटते, लॉकचा खरा उपयोग त्यांनी माझ्यापेक्षा नेमका सांगितला, कारण आमच्याकडे लॉकने अडवलेल्या प्रसंगांपेक्षा लॉकवर नाव पाहून एकमेकांना केलेले फोन अधिक आहेत.

एक छोटी सोय इथेच सांगते. कोणी फाइल उचलली आणि काहीच न बदलता जमा केली, तर आरसीएस नवा क्रमांक तयार करत नाही. फाइल बदललेली नाही असे सांगून मागच्या आवृत्तीवर परत येते आणि लॉक सोडते. पाहण्यासाठी म्हणून लॉक घेणाऱ्यांमुळे इतिहासात रिकाम्या आवृत्त्या साचत नाहीत.

अडचणी आल्या त्या भलत्याच बाजूने. मशीनमधून केबलने परत घेतलेला प्रोग्रॅम जमा करण्यापूर्वी आरसीएस-डिफ या फरक दाखवणाऱ्या आज्ञेने तपासला, तर प्रत्येक ओळ बदललेली दिसे, आणि डोळ्यांना एकही बदल सापडत नसे. मशीनचा कंट्रोलर ओळीच्या शेवटी जी चिन्हे पाठवतो ती आमच्या संगणकावरच्या चिन्हांहून वेगळी होती, आणि तुलना ओळीवार होत असल्यामुळे शेवट बदलला की संपूर्ण ओळ बदलली असे ठरे. ‘जमा’ स्क्रिप्टमध्ये ही जादा चिन्हे काढून टाकणारी एक ओळ घातली, आणि मशीनकडे पाठवताना ती परत लावणारी दुसरी. मशीनसाठीचा मजकूर या साधनात ठेवू पाहणाऱ्याने ही व्यवस्था सर्वांत आधी करावी, नाहीतर इतिहास वाचण्याच्या लायकीचा राहत नाही.

वेळेचा प्रकार याहून फसवा होता. आरलॉग या इतिहास दाखवणाऱ्या आज्ञेत दिसणारी वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दिवसाच्या कामात हे नुसते विचित्र दिसते: सकाळी आठला केलेला बदल अडीचचा दिसतो. पण माल निकडीचा असला की तिसरी पाळी चालते, आणि पहाटे चारला केलेला बदल आदल्या दिवशीच्या रात्री साडेदहाचा म्हणून दिसतो. तारीखच बदलल्यामुळे, नाकारलेला जॉब कोणत्या आवृत्तीवर झाला हे तपासणी विभागाच्या वहीशी जुळेना, आणि दोष एका पाळीवरून दुसऱ्या पाळीवर सरकू लागला. सुदैवाने आरसीएसच्या आज्ञांना -झेडएलटी हा पर्याय आहे, ज्याने वेळ स्थानिक दिसते, आणि आरसीएस-इनिट या नावाच्या पर्यावरण-चलात तो एकदा लिहून ठेवला की प्रत्येक आज्ञेला आपोआप लागतो. ही ओळ सर्वांच्या लॉगिनमध्ये घातल्यावर दोन पाळ्यांमधला तो वाद थांबला.

मशीनवर कोणती आवृत्ती चालू आहे हे ऑपरेटरला पडद्यावर दिसावे, यासाठी प्रोग्रॅमच्या पहिल्या टिप्पणीत डॉलर चिन्हांमध्ये रिव्हिजन हा शब्द ठेवला, ज्याच्या जागी आरसीएस आपोआप क्रमांक भरते. आमच्या जुन्या कंट्रोलरला ती डॉलरची चिन्हे आणि लहान अक्षरे चालत नव्हती. तेव्हा पाठवण्याच्या स्क्रिप्टमध्ये सीओला -केव्ही हा पर्याय दिला, जो चिन्हे आणि शब्द गाळून फक्त क्रमांक उतरवतो. अशी प्रत पुन्हा जमा केली तर भरायची जागाच नाहीशी होईल, म्हणून हा पर्याय लॉकसह वापरूच दिला जात नाही आणि निघणारी प्रत फक्त वाचण्यापुरती असते. ही अट पाहून, हे साधन लिहिणाऱ्याने वापरणाऱ्यांच्या घाईचा किती विचार केला असेल, असे मला कौतुकाने वाटले.

प्रत्येक आवृत्तीला एक अवस्थाही देता येते, आणि आपण काही सांगितले नाही तर ती प्रायोगिक मानली जाते. आमच्या कामात याचा नेमका उपयोग झाला. पहिला नग मोजून तपासणी विभागाने होकार दिला की त्या आवृत्तीची अवस्था मी बदलून मंजूर करते, आणि पाठवण्याची स्क्रिप्ट सीओला अवस्थेचा पर्याय देऊन मंजूर आवृत्त्यांपैकी सर्वांत ताजी तेवढीच उचलते. १.९ वर प्रयोग चालू असला तरी उत्पादनाच्या मशीनला १.७ च जाते. प्रयोगाची आवृत्ती मशीनवर न्यायची असेल तर सेटर तिचा क्रमांक स्वतः टाइप करतो, म्हणजे ते जाणूनबुजून घडते.

लॉक पद्धतीची खरी कसोटी आप्पा गावच्या जत्रेला गेले तेव्हा लागली. एका व्हॉल्व्ह बॉडीच्या प्रोग्रॅमवर त्यांचे लॉक होते, आवृत्ती १.६, आणि ग्राहकाचे सुधारित ड्रॉइंग त्याच दिवशी आले. त्यांना फोन केला, त्यांनी खुशाल तोडा म्हणून सांगितले, आणि मी आरसीएस -यू ही आज्ञा दिली. ही आज्ञा आधी खात्री करून घेते, नंतर लॉक तोडण्याचे कारण लिहायला लावते आणि ते कारण लॉकच्या मालकाला टपालाने पाठवते. हे टपाल संगणकातल्या संगणकात फिरणारे असल्यामुळे आमच्याकडे ते कोणी उघडत नाही, म्हणून लॉक तोडण्याआधी फोन हा आमचा लिखित नियम आहे. मग मी स्वतःच्या नावावर लॉक घेऊन, नव्या ड्रॉइंगप्रमाणे खिशांची (धातूत कोरायच्या खोलगट जागांची) रांग सापेक्ष मोजमापात, म्हणजे जी-९१ मध्ये, नव्याने लिहिली आणि १.७ जमा केली.

आप्पा परत आल्यावर त्यांच्या डिरेक्टरीतली प्रत जशीच्या तशी होती, तीत जाण्यापूर्वी त्यांनी केलेले बदलही होते, पण ‘जमा’ करताना त्यांच्या नावावर लॉक नाही म्हणून नकार आला. काहीच हरवले नव्हते. १.६ आणि १.७ यांच्यातला फरक त्यांच्या प्रतीत मिसळण्यासाठी आरसीएस-मर्ज ही आज्ञा आहे, आणि निकाल वेगळ्या फाइलमध्ये काढून पाहिला तेव्हा एकही टक्कर दाखवलेली नव्हती. दोघांचे बदल वेगवेगळ्या ओळींवर होते, तेव्हा साधनाच्या दृष्टीने ते निर्धोक होते.

मशीनच्या दृष्टीने ते निर्धोक नव्हते. सीएनसीच्या बऱ्याचशा आज्ञा एकदा दिल्या की त्या गटातली दुसरी येईपर्यंत लागू राहतात, म्हणून वीस ओळी वर लिहिलेल्या एका आज्ञेने खालच्या आकड्याचा अर्थ बदलतो. आप्पांनी, क्लॅम्पवरून आडवे जाण्यापूर्वी कटर वर घ्यावा म्हणून, झेड ५ अशी एक ओळ घातली होती. निरपेक्ष मोजमापात तिचा अर्थ पृष्ठभागापासून पाच मिलिमीटर वर असा होता, आणि त्यांच्या प्रतीत तो अगदी बरोबर होता. माझ्या १.७ मध्ये तो भाग सापेक्ष मोजमापात गेलेला असल्यामुळे त्याच ओळीचा अर्थ आता आहे तिथून पाच मिलिमीटर वर असा झाला. बारा मिलिमीटर खोल खिशाच्या तळाशी असलेला कटर उणे सातवर येऊन तसाच आडवा निघाला असता. मिसळलेला प्रोग्रॅम कागदावर उतरवून आम्ही दोघांनी ओळीओळीने वाचला तेव्हा हे आप्पांच्याच लक्षात आले. त्यांची ओळ दुरुस्त करून, झेड अक्ष वर ठेवून कोरा फेरा घेतला आणि मग १.८ जमा केली.

त्यानंतर आम्ही ठरवले की टूलच्या वाटेत बदल असेल तर मिसळणे हा पर्याय नाही. लॉक तुटले असेल, तर परत आलेल्या माणसाने ताजी आवृत्ती उचलून आपला बदल तीत हाताने पुन्हा करायचा, मग तो एका आकड्याचा का असेना. सॉफ्टवेअरच्या जगात लॉक पद्धत मागास मानली जाते आणि तिथे ते ठीक असेल, कारण तिथे चुकीचे मिश्रण चाचणीत अडकते आणि पुन्हा चालवायला फारसा खर्च येत नाही. इथे चाचणी म्हणजे कटर फिरवणारे खरे स्पिंडल.

दुसऱ्या प्रकारच्या लॉकची ओळख विजेने करून दिली. आज्ञा चालू असतानाच्या क्षणभरापुरती आरसीएस एक तात्पुरती फाइल करते, जिच्या नावाच्या आधी आणि नंतर स्वल्पविराम असतो, आणि काम झाले की ती जाते. ‘जमा’ चालू असताना वीज गेली आणि ती फाइल मागे राहिली. नंतर जो कोणी ‘जमा’ करी त्याला मूळ फाइल वापरात आहे असे उत्तर मिळे, आणि आरलॉगमध्ये तर कोणाचेच लॉक दिसत नसे. ती उरलेली फाइल, कोणी खरोखर काम करत नाही याची खात्री करून, काढून टाकली की मार्ग मोकळा होतो. जुनी आवृत्ती मात्र सुरक्षित होती, कारण नवी पूर्ण झाल्याशिवाय जुनीला धक्काच लागत नाही. तरीही आता त्या संगणकाला यूपीएस आहे, आणि मूळ डिरेक्टरीची एक प्रत रोज रात्री दुसऱ्या इमारतीत जाते. २०१९ च्या महापुरात सांगली शहरातल्या किती दप्तरांचा लगदा झाला हे पाहिलेल्यांना ती प्रत का हवी हे पटवावे लागले नाही.

एक फट बराच काळ उघडी राहिली होती: मशीनच्या पॅनेलवरच प्रोग्रॅम बदलता येतो, आणि तिथे आरसीएसचे लॉक पोहोचत नाही. त्यासाठी कंट्रोलरलाच प्रोग्रॅम संरक्षणाची चावी असते, जी आमच्याकडे वर्षानुवर्षे पॅनेलमध्येच लटकत असे. आता ती सेटरच्या खिशात असते, आणि नियम असा आहे की ज्याच्या नावावर लॉक, त्याच्याकडे चावी. इन्सर्टच्या, म्हणजे कापणाऱ्या पात्याच्या, झिजेची भरपाई ऑफसेटच्या पानावर होते, ती ऑपरेटरने करायलाच हवी आणि तिला ही चावी लागत नाही. प्रोग्रॅमच्या ओळी बदलायच्या तर चावी मागावी लागते. शिवाय दर आठवड्याला मशीनमधून प्रोग्रॅम परत घेऊन मंजूर आवृत्तीशी आरसीएस-डिफने ताडतो. सुरुवातीला बरेच फरक निघत. आता निघतो तो बहुधा एखाद्या टिप्पणीपुरता.

अलीकडे फिक्स्चरची, म्हणजे मशीनवर भाग पकडून ठेवणाऱ्या साधनांची, ड्रॉइंगेही याच व्यवस्थेत घेतली आहेत. त्या फाइल मजकुराच्या नाहीत, म्हणून त्यांना -केबी हा पर्याय लावावा लागतो, नाहीतर आत योगायोगाने आलेल्या डॉलर चिन्हांमधल्या मजकुराला आरसीएस भरायची जागा समजू शकते. त्यांचा फरक वाचता येत नाही, मिसळणे शक्यच नाही आणि फाइलचा आकारही भराभर वाढतो. जुन्या आवृत्त्या काढून टाकण्याची सोय आहे, पण ती आम्ही वापरायची नाही असे ठरवले आहे, कारण जुन्या फिक्स्चरवर दुरुस्तीचा एखादा नग अजूनही येतो. या ड्रॉइंगांच्या बाबतीत आरसीएसकडून क्रमांक, तारीख आणि लॉक एवढेच मिळते. दुसऱ्या पाळीच्या सेटरने मागच्याच आठवड्यात एक ड्रॉइंग उचलले आहे, आणि ते जमा होईपर्यंत मला त्या फिक्स्चरच्या क्लॅम्पची जागा बदलता येणार नाही. त्याला फोन करून शनिवारपर्यंत थांबायचे ठरले आहे.